चिमट्याची घळ

पाइपांचा भारा खांद्यावर घेतलेला माणूस एकदम वळला आणि मागे लांबवर आलेलं एका पाइपाचं टोक दिपमालाच्या छातीवर डावीकडे आदळलं. फुले मार्केटमागच्या गल्लीत सकाळी दहाची गर्दी होती. ऑफिसला जाता जाता ती मेथी घ्यायला थांबली होती. भाजीवाली ओरडली, "डोये फुटले का रे तुये! बाईले लागलं ना!" माणसाने भारा भिंतीला टेकवला आणि हात जोडले. "लई लागलं का, ताई?" दिपमाला म्हणाली, "नाही. नाही लागलं." आणि ते खरं होतं. गादीवर काठी मारावी तसा बद्द आवाज तिने ऐकला होता, धक्क्याने ती अर्धं पाऊल मागे सरकली होती, पण लागलं मात्र काहीच नव्हतं. भाजीवाली तिच्याकडे बघत राहिली. एवढा मार बसून तोंडावरची रेघ न हललेली बाई तिने पाहिली नसावी. दिपमालाने मेथीची जुडी पिशवीत टाकली, ब्लाउजमधली सिलिकॉनची उशी पदराआडून नीट केली आणि चालायला लागली.

पाटबंधारे खात्याच्या त्या जुन्या कचेरीत ती सोळा वर्षं होती. दुपारच्या सुट्टीत बाथरूमची कडी लावून तिने पाहिलं. शस्त्रक्रियेच्या व्रणाखाली, बरगडीवर, रुपयाएवढा लाल डाग उमटला होता आणि कडेने निळा होत चालला होता. तिने त्यावर बोट ठेवलं. दाबलं. बोटाला कातडी कळत होती, कातडीला बोट कळत नव्हतं. चौदा महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी सांगितलं होतं, काही नसा कापाव्या लागतात, तिथे बधिर राहील. तेव्हा तिने मान डोलावली होती. तेव्हा ती सगळ्यालाच मान डोलावत होती. केस गेले, परत आले, आले ते कुरळे आले. तोंडाची चव गेली, परत आली. किरणांचे पंचवीस दिवस संपले. तपासण्या चांगल्या आल्या आणि सगळे म्हणाले, सुटलीस. तिलाही तसंच वाटलं होतं. आणि आता बाथरूममध्ये, बाहेर शिपाई चहाचे कप विसळतोय त्याचा आवाज ऐकत, तिला वाटलं की आपल्या घरात कुणी येऊन, आपटून-धोपटून निघून गेलं आणि आपल्याला पत्ताच नाही. मग आपण तिथे राहतो कशावरून?

राकेशला तिने सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याने लगेच फाइल काढली असती. राकेश, तिचा नवरा, एका हायस्कुलात विज्ञान शिकवायचा. साक्रीकडच्या खेड्यातून शिकून वर आलेला, नीटनेटका, शुद्ध बोलणारा. दवाखान्यातून मिळालेली सूचनांची यादी त्याने टाइप करून फ्रिजवर लावली होती. डाव्या हातावर रक्तदाब मोजायचा नाही. सुई टोचायची नाही. जड उचलायचं नाही. त्यात त्याने स्वतःच्या मनाने आणखी सात-आठ गोष्टी घातल्या होत्या. तो बादली भरायचा, कुकर उतरवायचा, तिची पर्ससुद्धा स्वतःच्या खांद्याला लावायचा. असोद्याहून तिची आई द्रौपदाबाई आली की विहारातल्या बायकांना सांगायची, जावई असावा तर असा. दिपमालाचंही तेच म्हणणं होतं. फक्त अलीकडे तिला नव्या टीव्हीचं खोकं आठवायचं. ही बाजू वर, सावकाश ठेवा, असं छापलेलं. आणि आणखी एक गोष्ट होती, ती कुणालाच सांगण्यासारखी नव्हती. ती कपडे बदलायला लागली की राकेशला गॅलरीत काहीतरी काम आठवायचं. कुंडीला पाणी घालायचं राहिलेलं असायचं, मोटर बंद करायची असायची. आधी तिला वाटलं ही त्याची सभ्यता. मग वाटलं किळस असेल. नंतर तिने त्यावर विचार करायचं सोडून दिलं, म्हणजे सोडून दिलं असं ठरवलं.

त्याच आठवड्यात शिल्पाचा फोन आला. शिल्पा तिची धुळ्याच्या वसतिगृहातली मैत्रीण, आता तिथेच शाळेत होती आणि रविवारी माणसं गोळा करून डोंगरात फिरायला न्यायची. "पिंपळनेरच्या पुढे एक घळ आहे," ती म्हणाली, "पाण्याने कापलेली. काळ्या दगडातली फट म्हण. दोन्ही बाजूला तीन मजले उंच कडे, आणि मध्ये कुठे हात पसरण्याएवढी जागा, कुठे तेवढीही नाही. आडवं होऊन सरकायचं. पाऊण तासात आरपार. दोर नाही, हूक नाही, काही नाही. पावसाळ्यात तिकडे फिरकायचंही नाही, पण आता जानेवारीत पाणी कमरेएवढं. तुला म्हणून विचारते असं नाही हं, मी सगळ्यांनाच विचारते." शेवटचं वाक्य ती घाईत बोलली. दिपमाला म्हणाली, "येते." आणि म्हणून झाल्यावर तिला कळलं की आपण म्हणालो.

"दोर नाही म्हणजे?" राकेशने विचारलं. तो वही तपासत होता, लाल पेन तसंच हातात राहिलं. "हाताने धरून उतरायचं? कुठल्या हाताने?"

"दोन्ही."

"दिपा, तुला यादी माहीत आहे."

"फिजिओथेरपीच्या बाई म्हणाल्या होत्या ना, हात वापरा, हळूहळू वाढवा, नाही वापरला तर आखडेल. त्यांचं वाक्य तुम्ही यादीत घेतलंच नाहीत."

एका मुलाचं बरोबर उत्तर त्याने चूक केलं, मग खोडून बरोबर केलं. शेवटी म्हणाला, "मी पण येतो." त्याच्या आवाजात सोबतीला येणाऱ्याचा उत्साह नव्हता, पहाऱ्यावर जाणाऱ्याचा थकवा होता. तिला राग यायला हवा होता, पण त्याच्या शर्टाच्या कॉलरमधून दिसणारी मान तिला एकदम बारीक वाटली आणि राग आलाच नाही.

शनिवारी ते धुळ्याला शिल्पाकडे उतरले आणि रविवारी सकाळी जीपने निघाले. शिल्पाच्या गटातली आणखी तिघं होती, हसती-खिदळती. साक्री मागे पडली, पिंपळनेर मागे पडलं, सपाट कापसाची शेतं संपून सागाची वाळकी पानं रस्त्यावर यायला लागली. पाड्यावर लताबाई त्यांची वाट पाहत होत्या. साठीच्या, सडपातळ, लुगड्याचा काचा मारलेल्या, पायात काही नाही. त्यांच्या घरून दुपारी भाकरी मिळणार होत्या आणि घळीतून त्याच नेणार होत्या. लहानपणापासून खेकडे धरायला त्या तिथे उतरत आलेल्या. राकेशने त्यांना विचारलं, "एखादा दोर घेऊ या का बरोबर? असावा आपला." लताबाईंनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "आठे दोर काय कामना नही, भाऊ. आठे आपलं आंगच कामना."

घळीचं तोंड बघून कुणाला काही वाटलं नसतं. ओढ्याचं पात्र, त्यात गोल गुळगुळीत गोटे, दोन्ही बाजूला करवंदीच्या जाळ्या. मग पात्र जरा खाली गेलं, कडे जरा वर गेले, आणि कुणीतरी मागचं दार लोटून घ्यावं तसा उजेड कमी झाला. लोक हिला चिमट्याची घळ का म्हणतात ते दिपमालाला तिथे कळलं. शिल्पा आणि तिघं पुढे होती, मग दिपमाला, मग राकेश, आणि कुणी मागे राहू नये म्हणून शेवटी लताबाई. पाणी आधी घोट्याला लागलं, मग पोटरीला. इतकं गार की पहिल्यांदा ते भाजल्यासारखंच वाटलं. वटवाघळांचा आंबट वास येत होता. वर आभाळाची एक पट्टी, पाटातलं पाणी दिसावं तशी, आणि तिच्यातून उतरून आलेला उजेड कड्यांवर निळसर होऊन थांबलेला. दगड काळा होता, पण हात लावला की तो काळा नाही असं कळत होतं. त्यात जांभळं होतं, गंजासारखं तांबूस होतं, बारीक पांढरे ठिपके होते. पाण्याने तो इतकी वर्षं घासला होता की कुठे कोपरा म्हणून राहिला नव्हता. सगळीकडे खांदे होते, कुशी होत्या, पाठी होत्या. एका ठिकाणी घसरडा उतार लागला, त्यावरून सगळे बसून घसरत खाली आले. राकेश तिच्या पाठीमागून सारखा बोलत होता. इथे शेवाळ आहे. डोकं सांभाळ. डावा हात वर धर. त्याचे शब्द कड्यांवर आपटून दोनदा-दोनदा ऐकू येत होते.

मग घळ खरोखरच अरुंद झाली. समोरून जाणं संपलं, आडवं व्हावं लागलं. उजवा खांदा पुढे, डावा मागे, पाठीला एक कडा आणि छातीला दुसरा. उशी आज तिने घातली नव्हती. ओली झाली की जड होते म्हणून ती धुळ्याला शिल्पाच्या कपाटात काढून ठेवली होती आणि ढगळ कुर्ता घातला होता. दगड उजवीकडे तिला लागत होता, गार, खरखरीत, नकोसा जवळ. डावीकडे तो लागत नव्हता. म्हणजे अर्ध्या अंगाला भिंत होती आणि अर्ध्या अंगाला नुसती मोकळी जागा, निदान तिला तसं वाटत होतं, आणि त्या न कळणाऱ्या बाजूने आपण कुठे अडकतोय की काय हे तिला डोळ्यांनी बघून ठरवावं लागत होतं. आणि बघायला मान वळत नव्हती. ती थांबली. छातीत धडधड सुरू झाली, ती मात्र दोन्हीकडे सारखी. मागून लताबाईंचा आवाज आला, "अक्का, सास सोडी द्या. भरेल सास अडकस." तिने श्वास सोडला. सगळा सोडला, पोटाच्या तळापासून. आणि त्या दोन बोटं कमी झालेल्या अंगाने ती पुढे सरकली.

सरकता सरकता तिला असोद्याची बोळ आठवली. आठवली असं म्हणणंही खरं नाही. आठवायच्या आधी तिची पाठच ती ओळखून मोकळी झाली होती. शाळेची मागची भिंत आणि पाटलांच्या जिनिंगची भिंत, यांच्यामध्ये एक बोळ होती, एवढीशी, कुत्रं जाईल एवढी. त्यांच्या वस्तीतून गावात यायचा लांबचा रस्ता वळसा घालून होता, पोरांनी ही बोळ शोधून काढली होती. नऊ वर्षांची दिपमाला त्या बोळीतून नुसती जायची नाही, वर चढायची. पाठ एका भिंतीला, पाय दुसरीला, तळहात ढुंगणाशी टेकवून एक एक वीत वर. वर पोचलं की जिनिंगच्या पत्र्यापलीकडे केळीच्या बागा दिसायच्या आणि बाप केळीचे घड डोक्यावर घेऊन ट्रककडे जाताना दिसायचा, मुंगीएवढा. ती त्याला हाक मारायची, त्याला कधीच ऐकू जायची नाही. कुणी शिकवलं नव्हतं ते चढणं. अंगाला येत होतं. मग एक दिवस, बारा वर्षांची असेल, आईने तिला पायाला धरून खाली ओढलं. मारलं नाही. फक्त म्हणाली, "आता बस झालं, बाई. आता तू पहिल्यासारखी नाही राहिली." आणि घरी नेऊन तिच्या फ्रॉकवर ओढणी घातली. त्या दिवसापासून दिपमाला हात छातीशी घेऊन चालायला शिकली, दप्तर छातीशी, वह्या छातीशी, नंतर फायली छातीशी. तीस वर्षं तिने ती छाती सांभाळली, झाकली, चोरली, आणि शेवटी एका बाजूने दवाखान्यात देऊन आली. हे सगळं तिला इतकं स्वच्छ कधी दिसलं नव्हतं. दिसलं तेव्हा रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं ते एक अस्पष्टसं हसू. राकेश मागून म्हणाला, "काय झालं?" ती म्हणाली, "काही नाही. आमची बोळ अशीच होती."

फट संपली तिथे अडकलेला धोंडा होता. कुठल्या तरी पुरात वरून आलेला, खाटेएवढा, दोन्ही कड्यांच्या मध्ये गच्च बसलेला. त्याच्या पाठीवर उभं राहिलं की खाली दीड पुरुष उंची आणि तळाशी कमरेएवढ्या पाण्याचा डोह. शिल्पाने आधी उतरून दाखवलं. पाठ इकडे, पाय तिकडे, तळहात कमरेशी, हळूहळू. तिची तीन माणसं उतरली, त्यातला एक धपकन पाण्यात पडला आणि सगळे हसले. पाणी गार म्हणून शिल्पा त्यांना पुढच्या रुंद जागेत उन्हाकडे घेऊन गेली. "तुम्ही निवांत या," तिची हाक वळणाआडून आली.

"आपण परत फिरू," राकेश म्हणाला. धोंड्यावर तिघांपुरतीच जागा होती. "खरंच, दिपा. इथपर्यंत आलीस, खूप झालं. यात दोन्ही हातांवर भार येणार. बघितलंस ना तू."

"मांगे फिरनं तं तो घसरडा चढना पडी, भाऊ," लताबाई म्हणाल्या. "चढाई जाई. पन उतरनं सोपं शे."

दिपमाला धोंड्याच्या कडेला बसली, पाय समोरच्या कड्याला लावले आणि पाठ मागच्या कड्याला. मग तळहात टेकवले. उजवा आधी. मग डावा. डाव्या काखेत ओढ बसली, जुनी, ओळखीची, दोरी ताणल्यासारखी. ती थांबली, ओढ वाढतेय का ते पाहिलं. वाढली नाही. तिने पाय एक वीत खाली घेतला, मग पाठ एक वीत. पोटऱ्या थरथरत होत्या, पण ती नुसत्या मेहनतीची थरथर होती. चौदा महिने हा डावा हात तिने कुणाच्या तरी ठेवीसारखा बाळगला होता, उशीवर वेगळा ठेवून झोपली होती. आता तो तिच्याखाली घट्ट उभा होता. मध्यावर आल्यावर तिने खाली पाहिलं नाही, वरही पाहिलं नाही, समोर आपल्याच दोन पायांच्या मध्ये दिसणाऱ्या काळ्या दगडाकडे बघत राहिली. त्यावरून एक बारीक खेकडा तिरका चालत गेला. मग पायाला पाणी लागलं, मग कमरेला, आणि ती डोहात उभी होती. "उतरले," ती म्हणाली. तिचा आवाज वर गेला आणि परत आला.

आता राकेशची पाळी होती. तो धोंड्याच्या कडेला बसला. चष्मा काढून खिशात ठेवला, परत घातला. पाठ लावली, पाय लावले, आणि चारेक वीत खाली आला. तिथे थांबला. दिपमालाला खालून त्याचे बूट दिसत होते आणि त्याचे गुडघे दिसत होते. गुडघे हलत होते. शिवणयंत्राची सुई हलावी तसे.

"अहो? काय झालं?"

"काही नाही. एक मिनिट."

मिनिट गेलं. लताबाई धोंड्यावर ओणव्या होऊन म्हणाल्या, "भाऊ, पाय खाले घ्या. डावा."

"हलत नाही," राकेश म्हणाला. मग तो बोलला आणि दिपमालाला क्षणभर कळलं नाही की हा कोण बोलतोय, कारण अठरा वर्षांच्या संसारात तो तिच्याशी या भाषेत एक वाक्य बोलला नव्हता. ती भाषा तो फक्त त्याच्या आईशी बोलायचा, आणि आईला जाऊन आता सहा वर्षं झाली होती. "माले भ्या वाटस, दिपा," तो म्हणाला. "माले बहू भ्या वाटस."

"मी खाली आहे."

"तू तठे आत गई व्हती ना... त्या दारामांगे. पाच तास. तवय बी माले आसंच वाटनं. पाय हालेत ना. कोनले सांगू? तुले सांगू? तूच तं आत व्हती." त्याचा आवाज फाटला. "मंग मी आखो कव्हय बसनूच नही, दिपा. मी तवयपासून उभाच शे."

डोहातलं पाणी तिच्या कमरेभोवती गरगर फिरत होतं. पाच तास म्हणजे कुठले पाच तास ते तिला कळलं. त्या तासांतलं तिला काही आठवत नव्हतं, तिला भूल दिलेली होती. तिच्यासाठी ते तास नव्हतेच, आणि हा माणूस मात्र अजून शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेरच्या बाकड्यापाशी उभा होता, हातात फाइल घेऊन. फ्रिजवरची यादी, भरलेली बादली, गॅलरीतली कुंडी, सगळं तिथूनच येत होतं. तिने त्याला प्रेम म्हटलं होतं, मग पहारा म्हटलं होतं, किळस म्हटलं होतं. भीती हा शब्द तिला सुचलाच नव्हता, कारण आजारी तर ती होती.

"आधी श्वास सोडा," ती म्हणाली. "सगळा. हां. आता तुमचा डावा पाय मी धरते, तो सोडा."

"तू पडशील."

"मी पाण्यात उभी आहे, पडायला जागाच नाही." तिने हात वर करून त्याचा घोटा धरला. थंडीतही तो घामाने ओला होता. "इथे, माझ्या खांद्यावर ठेवा."

"तो डावा आहे, दिपा."

"माहीत आहे. उजवीकडे कडा आहे, तिकडे जमत नाही. ठेवा तुम्ही."

लताबाई वरून म्हणाल्या, "ठेवा, भाऊ. अक्काना खांदा भक्कम शे."

त्याने पाय ठेवला. आधी नुसता टेकवला, मग हळूहळू भार दिला. दिपमालाने उजवी बाजू कड्याला रेटली आणि गुडघे ताठ केले. भार खांद्यातून खाली उतरला, काखेतल्या त्या ओढलेल्या दोरीतून, व्रणाच्या मागून, बरगड्यांतून, कमरेत, टाचांत, आणि टाचांखालच्या गोट्यांत. वरच्या कातडीला काहीच कळलं नाही. आतलं हाड न् हाड मात्र सांगत होतं, इथे आहे, मी इथे आहे. दोन श्वास. मग त्याचा दुसरा पाय खाली आला, त्याच्या बुटाने तिच्या कानाला घासलं, आणि तो धपकन तिच्याजवळ पाण्यात उभा राहिला, छातीपर्यंत भिजलेला, चष्मा तिरका. दोघं एकमेकांसमोर उभे होते आणि मध्ये हातभर जागा होती. तो काही बोलणार होता. तिने त्याचा चष्मा सरळ केला. लताबाई जिन्यावरून उतरावं तशा उतरल्या, काचा वर खोचला आणि दोघांच्या बाजूने पुढे निघताना म्हणाल्या, "चला. भाकरी थंडी व्हयी राह्यनी."

वळणापलीकडे घळ एकदम उघडली. ऊन इतकं होतं की डोळे मिटावे लागले. रुंद वाळू, पसरट नदी, पलीकडे मोहाची झाडं. शिल्पा लांब खडकावर ओले बूट वाळत घालत होती. तिने हात हलवला आणि जवळ आली नाही. दिपमालाने शिल्पाने प्लास्टिकमध्ये बांधून आणलेल्या पिशवीतून कोरडा कुर्ता काढला आणि एका मोठ्या खडकाआड गेली. पंचा धरायला कुणीतरी हवं होतं. ती म्हणाली, "अहो, या ना इकडे. आडोसा धरा." राकेश आला. दोन्ही हातांनी पंचा पसरून धरला आणि सवयीने मान फिरवली, नदीकडे. ओला कुर्ता तिच्या अंगाला चिकटला होता, काढायला वेळ लागला. काढून झाल्यावर तिने दुसरा लगेच घातला नाही. अंगावर ऊन पडलं होतं.

"इकडे बघा," ती म्हणाली.

त्याने बघितलं नाही. पंचा आणखी वर धरला.

"मी सांगते म्हणून बघा."

त्याने मान वळवली. बघितलं. बराच वेळ बघितलं, चष्म्याच्या ओल्या काचांतून, मग चष्मा कपाळावर सारून. तिने हात छातीवर घेतले नाहीत. त्याच्या चेहऱ्यावर काय येतं ते ती पाहत होती, काहीही आलं तरी पाहायचं असं ठरवून. आलं ते आश्चर्य होतं.

"एवढंच?" तो म्हणाला, आणि लगेच घाईने, "म्हणजे तसं नाही. एवढंच कसं असेल. पण मला वाटलं होतं..."

"काय वाटलं होतं?"

"काय माहीत. रोज काहीतरी वेगळं वाटायचं. झोप लागायची नाही इतकं भयंकर काहीतरी." तो पुढे वाकला, फळ्यावरची रेघ बघावी तसा. "ही तर सरळ रेघ आहे, दिपा. चांगली शिवलीय."

तिला हसू फुटलं. आधी हळू, मग आवरेना. चांगली शिवलीय! तोही हसला, मग त्याचे डोळे भरले, आणि पंचा धरलेला असल्यामुळे त्याला ते पुसता येईनात. तिने आपल्या ओल्या कुर्त्याने ते पुसले. "आता घालते," ती म्हणाली, "गार लागतंय." त्याने या वेळी नदीकडे पाहिलं नाही. बाहीत तिचा डावा हात अडकला तेव्हा पंचा खांद्यावर टाकून त्याने बाही नीट केली आणि परत आडोसा धरला, ज्याची आता गरज नव्हती.

लताबाईंच्या ओट्यावर सगळे ओळीने बसले. नागलीच्या काळसर भाकरी, वालाची पातळ भाजी, दगडावर वाटलेला मिरचीचा ठेचा. पुढची घळ कुठली यावर शिल्पाच्या माणसांचा वाद चालला होता. राकेश खाली मान घालून जेवत होता. दिपमालाने त्याच्याकडे पाहिलं, नीट पाहिलं, आणि तिला दिसलं की त्याचा पट्टा नेहमीच्या झिजलेल्या भोकापासून तीन भोकं आत गेला आहे, आणि तिसरं भोक दुकानातलं नाही, घरी खिळ्याने पाडलेलं आहे. ते त्याने केव्हा पाडलं असेल? आणि ती तेव्हा कुठे होती? घरी गेल्यावर यादी काढणार का, असं ती विचारणार होती, पण मग तिला वाटलं, राहू दे. यादी राहिली काय आणि गेली काय.

राकेशने दुसरी भाकरी संपवली, ताट बोटाने निपटून काढलं आणि वर पाहिलं. ठेच्याने त्याच्या कपाळावर घाम आला होता. शिल्पाकडे, त्या तिघांकडे न बघता, न लाजता तो म्हणाला, "लताअक्का, आखो एक भाकर शे का?"

"आखो सारी चूल शे," लताबाई म्हणाल्या आणि तव्यावरची भाकरी त्याच्या ताटात टाकली. ती फुगलेली होती, ताटात पडून तिच्यातून वाफ निघाली.

"मले बी," दिपमाला असोद्याच्या बोलीत म्हणाली आणि ताट पुढे केलं.